माझ्या रकान्यातलं सत्त्याण्णव पॉइंट सहा

सुरुवात माझ्याच एका गाढवपणापासून करतो, म्हणजे पुढे कुठे मी शहाणा वाटण्याची भीती उरणार नाही.

मी सौसरच्या एका कॉलेजात मुलींना कबड्डी शिकवतो. महामारीच्या दुसऱ्या वर्षी, थंडी ओसरत असताना, कॉलेजं अर्धीमुर्धी उघडली आणि मुलींचे आंतरमहाविद्यालयीन सामने पांढुर्ण्याला घ्यायचं ठरलं. सोबत नियमांचं पत्र आलं. त्यात होतं की प्रत्येक खेळाडूचा आणि प्रशिक्षकाचा ताप चौदा दिवस रोज मोजून रजिस्टरात लिहावा. त्यासाठी कॉलेजनं एक पांढरी बंदूक दिली. कपाळासमोर धरायची, बटण दाबायचं, आकडा येतो.

पहिल्या दिवशी मी ती मोठ्या रुबाबात स्वतःच्या कपाळाला लावली. माझं कपाळ कुठे संपतं आणि टक्कल कुठे सुरू होतं हे मलाही नक्की सांगता येत नाही. त्यात मैदानाच्या चार चकरा मारून घामानं निथळत होतो. बंदुकीनं आकडाच दिला नाही. नुसतं ‘लो’ असं आलं. बाराही मुली बघत होत्या. आमची कॅप्टन वैशाली, डावा कोपरा सांभाळणारी, शांतपणे म्हणाली, “सर, मशीन म्हनते तुम्ही नाईच.”

मुली हसल्या, मीही हसलो, बंदूक त्यांच्याकडे वळवली आणि माझ्या रकान्यात ९७.६ लिहून टाकलं. बहुतेकींचं तेवढंच येत होतं. दुसऱ्या दिवशी तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी तर बंदूक कपाळाकडे नेण्याचं नाटकही केलं नाही. मधल्या एका रविवारी मेव्हण्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं म्हणून मी लोधीखेड्याला गेलो. मुलींचं मोजायचं काम दुसऱ्या दिवसापासून वैशालीच करत होती; त्या दिवशी बंदूक आणि रजिस्टरही तिच्याच हवाली केलं होतं. तिनं सगळ्यांचं मोजलं, लिहिलं, सही केली. माझा रकाना तेवढा रिकामा ठेवला. सोमवारी सकाळी मी त्यात आदल्या दिवशीचंही ९७.६ भरलं.

रजिस्टर एकदा माझ्या पिशवीतून घरी आलं. आमच्या सुनंदानं, म्हणजे बायकोनं, पानं चाळली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“रविवारी तं तुम्ही माह्या भावाकडे बासुंदी पिऊन राह्यले होते. ताप कोनं मोजला? बासुंदीनं?”

आम्ही दोघंही खूप हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

सहमती-पत्र

पत्रात दुसरीही एक अट होती. प्रत्येक मुलीच्या पालकांचं सहमती-पत्र. आमचा भाग राज्याच्या सीमेपलीकडचा, कागदावरचा सगळा कारभार हिंदीत आणि घरातलं भांडण मराठीत, त्यामुळे मी मोटरसायकलवर घरोघर फिरून हिंदी कागद मराठीत समजावत होतो.

वैशालीचं घर रामाकोन्याला. वडील गुलाबराव, घरची संत्र्याची बाग. आई शांताबाई. तिनं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि कागद दोनदा वाचून घेतला.

“म्हंजे पोरीले काई झालं तं जिम्मेदारी आमची,” ती म्हणाली.

“तसंच लिहिलं आहे.”

“आन तुमच्याकून, सर? तुमच्याकून कोन लिहून देते?”

मी माझा नेहमीचा मार्ग धरला. “माझी बायको लिहून देते. घरी येऊन विचारा.”

ती तोंडाला पदर लावून हसली. मग मांडीवर पाट घेऊन, एकेक अक्षर उभं करत तिनं सही केली. कागद माझ्या हातात देताना म्हणाली, “तुमच्या भरवशावर पाठवून राह्यली, सर. या कागदाच्या नाई.”

पांढुर्ण्याचा दिवस

कबड्डी हा खेळ नियमांच्या त्या पत्रासमोर उभा केला की दोघांपैकी एक खोटा आहे हे लगेच कळतं. बाकावर मुलींना सहा-सहा फुटांवर बसवलं होतं. मैदानात त्याच मुली साखळी करून हात धरायच्या आणि एकीवर सात जणी कोसळायच्या. चढाई करणारीनं एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं, त्याला आम्ही दम म्हणतो. तो समोरच्यांना ऐकू गेला पाहिजे, म्हणून मैदानात मास्क नाही. पंचांनी मास्क काढायला नकार दिला आणि शिट्टी आतच ठेवली. दर वेळी त्यांचा मास्क फुगायचा आणि पाठोपाठ बारीक आवाज यायचा. प्रेक्षकांना बंदी होती. टाळ्या वाजवायला फक्त राखीव खेळाडू आणि मी.

सकाळी मी स्वतः रेषा मारायला मदत केली होती. घसा खवखवत होता. चुना उडाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. घरून निघतानाही खवखवत होता आणि घरी काही चुना नव्हता, हे मी स्वतःला सांगितलं नाही. दुसऱ्या कुणालाही सांगितलं नाही.

आता संत्र्यांचं सांगतो.

आमच्याकडे मध्यंतराला ग्लुकोज वगैरे नंतर आलं. संत्रं पहिल्यापासून. पाच मिनिटांची सुट्टी, मुलींचे हात मातीनं भरलेले, ते धुवायला गेल्या तर सुट्टी संपली. म्हणून प्रशिक्षकानं सोलायचं आणि एकेकीच्या तोंडात फोड घालायची. मला हे माझ्या मास्तरांनी केलं, मी वीस वर्षं माझ्या मुलींना केलं. त्यात माझी एक खोड आहे. प्रत्येक संत्र्याची एक फोड आधी मी चाखतो. आंबट निघालं तर बाजूला. खेळताना आंबट लागलं की तोंड फिरतं.

त्या दिवशीची संत्री शांताबाईनं पाठवली होती, बागेतली, निवडून, थैली भरून. अंतिम सामना, मध्यंतर, आम्ही तीन गुणांनी मागे. मास्क माझ्या हनुवटीवर आला होता. मी सोलत होतो, चाखत होतो, बारा तोंडांत फोडी घालत होतो आणि तोंडासमोर तोंड नेऊन ओरडत होतो, “वैशाली, थे उजवीकून येऊन बोनस घेऊन राह्यली, तू वाट काहून पाहून राह्यली? घोटा धर तिचा.”

तिनं धरला. दोनदा धरला. आम्ही दोन गुणांनी जिंकलो.

बक्षीस कुणी हातात द्यायचं नाही, हाही नियम होता. टेबलावर ढाल ठेवली होती, वैशालीनं जाऊन उचलली, जशी दुकानातून आपण वस्तू उचलतो. मग परतीच्या गाडीत बाराही मुली एकाच बाजूला गोळा होऊन गात होत्या आणि मी त्यांना सहा फुटांचा नियम सांगत होतो, हसत.

सौसरच्या बस स्टँडवर शांताबाई आणि गुलाबराव पोरीला न्यायला आले होते. शांताबाईनं आधी ढाल पाहिली नाही. पोरीचं मातीनं माखलेलं तोंड पदरानं पुसलं, तिच्या डोक्याला नाक लावलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “भेटली बाप्पा वापस माही पोरगी. संत्रे गोड होते का, सर?”

“साखर,” मी म्हणालो.

रिपोर्ट

तिसऱ्या दिवशी अंग दुखायला लागलं. मी मोठा खेळाडू, मला दवाखान्याची काय गरज. मी न्हाणीघरात दार लावून दम धरून पाहिला. एरवी चाळीसपर्यंत सहज म्हणतो. त्या दिवशी ‘कबड्डी’ चौदा वेळा झालं आणि खोकल्यानं मला भिंतीला टेकवलं. बाहेरून सुनंदानं विचारलं, “आत कोनाची म्याच चालू आहे?”

तिनंच मला तपासणीला धाडलं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मोबाइलवर आला. मी तो तीनदा वाचला. हिंदीत काही वेगळं निघतं का ते पाहिलं. सुनंदानं माझ्या चेहऱ्याकडे पाहून ओळखलं. ती देवघरासमोरची खोली रिकामी करायला लागली. चादर बदलताना ती उशीच्या खोळीला रागावत होती.

मी मुलींना फोन केले. चार जणींना ताप होता, त्यात वैशालीही. चौघींचा ताप दोन-तीन दिवसांत उतरला. प्रत्येकीला मी विचारलं, “घरचे?” वैशाली म्हणाली, “आई जराशी खोकलून राह्यली, सर. काई नाई, थंडीचं असंन.” मी म्हणालो, “हो, थंडीचंच असेल.” आमच्याकडे तेव्हा पंखे लागले होते.

आठवड्याच्या शेवटी बोटाला लावायच्या यंत्रात माझा आकडा पंच्याऐंशीवर आला. या वेळी आकडा खरा होता आणि मला तो बदलता आला नाही. मुलगा नागपुरात नोकरीला आहे. त्यानं दिवसभर फोन करून एक खाट मिळवली. गाडीत मी मागे, पुढे मुलगा, मधे प्लास्टिकचा पडदा. सुनंदा सोबत यायला निघाली तर मुलगा म्हणाला, “आई, तुला आत कोणी घेणार नाही.” ती म्हणाली, “आत नोको घेऊ देऊ. मी रस्त्यावर उभी राहतो म्हनून सांग.” दोघं दारात भांडले. मी गाडीत बसून ते ऐकत होतो. माझ्यामुळे चाललेलं भांडण आणि मला मधे पडायला श्वास नव्हता.

खाट

दवाखान्याचं फार सांगण्यासारखं नाही. पाच वाजता दिवा लागायचा, बोट टोचायचे, पोटात इंजेक्शन, पातळ चहा. सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, त्यामुळे माणूस ओळखायचा तो चालीवरून. एक सिस्टर किंचित डावीकडे झुकून चालायची. डाव्या कोपऱ्याला चांगली खेळली असती, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

तिनं मला तीन गोळ्यांचं एक खेळणं दिलं. नळीनं श्वास ओढायचा, गोळ्या वर गेल्या पाहिजेत. वीस वर्षं मी पोरींना दम तुटला म्हणून मैदानाच्या चकरा मारायला लावल्या होत्या. माझी एक गोळी जागची हलली नाही.

“काय करता तुम्ही घरी?” तिनं विचारलं.

“कबड्डी शिकवतो.”

तिनं ते खेळणं माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली, “मग हे राहू द्या. कबड्डी म्हणा. किती होतात ते मी मोजते.”

पाच झाले. दुसऱ्या दिवशी सात. पलीकडच्या खाटेवरचे काका, निवृत्त तलाठी, ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाले, “मास्तर, दम तुटला. बाद.” नवव्या दिवशी अकरा झाले तेव्हा ती खाट रिकामी होती. चादर बदलून ती नीट ताणून ठेवली होती.

ज्यांना कधी असं पडून राहायची वेळ येईल त्यांना मी शहाणपण काय सांगणार. एवढंच सांगतो की भीती दुपारी जास्त वाटते, जेवणानंतर, जेव्हा कुणीच येत नाही. तेव्हा खिडकीजवळची खाट मागून घ्यावी.

मला ती मिळाली. सुनंदा हट्टानं नागपूरला आलीच होती; मुलाकडे राहून रोज चार वाजता समोरच्या रस्त्यापलीकडे उभी राहायची आणि फोन करायची. मी खिडकीतून हात हलवायचो. माझा चष्मा काढलेला, खाली हिरवी साडी दिसायची. तीन दिवस हलवला. चौथ्या दिवशी ती फोनवर म्हणाली, “मी निळ्या साडीत हावो. तुम्ही कोनाले हात दाखवून राह्यले रोज?” मी हसलो आणि खोकत बसलो. त्या हिरव्या साडीतल्या बाईचं कोण आत होतं, देव जाणे. तीही रोज हात हलवायची.

रोज मी विचारायचो, “पोरी कशा आहेत?”

“सगळ्या ठीक.”

“वैशाली?”

“थे घरी आहे.”

“आणि तिची आई?”

“तुम्ही आपलं कबड्डी कबड्डी करा.”

घरी

सतरा दिवसांनी सौसरला आलो. सुनंदानं दारात पाय धुवायला पाणी दिलं, गरम भात दिला, मी जेवेपर्यंत थांबली. ताट उचलल्यावर म्हणाली, “शांताबाई गेली. तुम्ही नागपूरले गेल्यावर चवथ्या दिवशी. छिंदवाड्याले नेत होते.”

म्हणजे पुढचे तेरा दिवस ती मला रस्त्यावरून ‘सगळ्या ठीक’ म्हणत होती. मी तिच्यावर चिडलो. काय बोललो ते लिहीत नाही. ती ऐकून घेत होती, ताट हातात धरून.

बरा झालो म्हणजे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. जिना चढायला लागलो, भाकरीची चव परत आली. पण संत्र्याचा वास सहन होईना. चारी बाजूंनी संत्र्याच्या बागा असलेल्या आमच्या गावात, म्हणजे पाहा. रामाकोन्याला जायचं होतं आणि माझ्याकडे कारणं भरपूर होती: अशक्तपणा, मग ऊन, मग पाऊस, मग गाडीचं टायर. सुनंदानं एकाही कारणाला उलट उत्तर दिलं नाही. त्यानं जास्त त्रास झाला.

दिवाळीनंतर मैदान पुन्हा सुरू झालं. अकरा मुली आल्या. एकीनं सांगितलं, “वैशाली नाई येत, सर. फोनबी नाई उचलत कोनाचा.” आणि त्याच आठवड्यात बाजारात गुलाबराव समोर आले. सात-आठ महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे झालेले. मी हात जोडले.

ते म्हणाले, “घरी या न सर एकडाव. पोरगी ऐकत नाई कोनाचं. अजूनबी मागच्या खोलीत अलग राह्यते. ताट अलग, गिलास अलग. लहान भावाले जवळ येऊ देत नाई. हात धुऊन धुऊन साल निघाली. म्हनते, मीच आनलं, मीच मारलं आईले.” मग म्हणाले, “मी त्याच हप्त्यात संत्रा घेऊन दोनदा नागपूरले गेलतो. तेबी सांगतलं तिले. नाई ऐकत.”

म्हणजे त्या घरात दोघं जण आपापला गुन्हा घेऊन बसले होते आणि तिसरा सौसरला टायर बदलत होता.

रामाकोना

सुनंदा म्हणाली, “मीबी येतो.” मी नाही म्हणालो नाही.

अंगणात त्याच खाटेवर बसलो, गुलाबराव समोर ओट्यावर. वैशालीनं चहा आणला. घरातल्या अंगणात, तोंडाला मास्क. आमच्यापासून दूर एका स्टुलावर कप ठेवले, मागे सरकली आणि मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. डावा कोपरा. मी कप उचलून घेतला, पण पिववेना.

मी पाठ करून गेलो होतो. “वैशाली, तुझ्याकडून काही आलं नाही. माझ्याकडून आलं. संत्री मी चाखली आणि तुम्हाला भरवली. मास्क खाली होता.”

तिनं मान हलवली. “तुम्ही मले बरं वाटावं म्हनून बोलून राह्यले, सर.”

“खरं सांगतो.”

“खरं इथं आहे.” तिनं मोबाइल काढला. सामन्यांच्या लोकांनी चौदा दिवसांची नोंद मागितली होती तेव्हा तिनं कॅप्टन म्हणून रजिस्टरच्या सगळ्या पानांचे फोटो काढून पाठवले होते. ते अजून तिच्याजवळ होते. सात-आठ महिने ती रोज बघत असणार, कारण न शोधता तिनं नेमकं शेवटचं पान उघडलं. “म्याचच्या दिवशी माहं अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. सगळ्यात जास्त. तुमचं सत्त्याण्णव पॉइंट सहा. रोज सत्त्याण्णव पॉइंट सहा. तुमाले काईच नव्हतं, सर.”

अठ्ठ्याण्णव पॉइंट चार म्हणजे ताप नव्हे, हे तिला गावातल्या प्रत्येकानं सांगितलं असेल. तिच्यासाठी ते सगळ्यात जास्त होतं, बस. आणि तिच्याविरुद्धचा साक्षीदार मी माझ्या हातानं लिहून ठेवला होता, चौदा वेळा.

“मागचं पान काढ,” मी म्हणालो. “रविवारचं. त्या दिवशी मोजलं कोणी?”

“मी.”

“बंदूक कुणाकडे होती?”

“माह्याजवळ.”

“मी होतो का मैदानावर?”

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. माझ्या रकान्यात ९७.६ होतं, माझ्या वळणदार अक्षरात. तिनं पुढचं पान काढलं, मागचं काढलं. सगळीकडे तेच अक्षर, तोच आकडा, एका दमात लिहिल्यासारखे.

“मी एकदाही मोजलं नाही, वैशाली. पहिल्या दिवशी ‘लो’ आलं, तुम्ही हसल्या, तेव्हापासून मी नुसतं लिहीत गेलो.”

तिनं फोन खाली केला. मग पुन्हा मान हलवली, हळू. “पन त्या दिवशी तुमाले काई होत नव्हतं. तुम्ही तं ओरडून राह्यले होते. आजारी मानूस ओरडते का?”

आता सांगायला हवं होतं. सकाळपासून खवखवणारा घसा. मी तोंड उघडलं आणि, इतकं सगळं कबूल करून झाल्यावरही, तेवढं एक वाक्य बाहेर पडेना. माझा दम तिथे तुटला.

तेव्हा शेजारून सुनंदा बोलली. अगदी साधेपणानं, भाजीचा भाव सांगावा तशी.

“सकाळपासून खोकलून राह्यले होते हे. मी म्हनलं, जाऊ नका आज, पोरी लहान आहेत. ऐकलं नाई.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती असं काही म्हणाली नव्हती. मी तिच्यासमोर खोकलोही नव्हतो. ती माझ्याकडे बघत नव्हती, पोरीकडे बघत होती.

वैशाली दारातून निघाली. अंगण ओलांडून आली. बोलायला लागली तशी मास्कला अडखळली, तो तिनं ओढून खाली केला. “मी रोज बारा जनींचं मोजत होती, सर. एक बी दिवस नाई चुकवला. तापलेल्या पोरीले दोन दिवस घरी वापस पाठवलं मी, माह्या मैत्रिणीले, थे रडली तरी. आन तुमचं एकाचं नाई मोजलं कोनी. आईनं तुमच्या भरवशावर...” ती इतकी जवळ आली होती की तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. तिनं माझ्या हातातला कप घेतला, चहा जास्वंदीच्या बुंध्यात ओतून दिला आणि म्हणाली, “जा तुम्ही. घरी जा.”

मग तो कप घेऊन ती आत गेली. मागच्या खोलीत नाही. पुढच्या दारानं, स्वयंपाकघरात. आतून लहान भावाचा आवाज आला, “ताई, तू इकडे आली?” आणि मग ती मोठ्यानं रडायला लागल्याचा.

गुलाबराव उठले नाहीत. हात जोडून बसून राहिले, माझ्याकडे न बघता. आम्ही निघालो.

सौसर यायच्या आधी एक पुलिया, म्हणजे छोटा पूल, आहे. मला अजून एवढ्याशा रस्त्यातही धाप लागते, म्हणून गाडी थांबवली. कठड्यावर बसलो. दोन्ही बाजूंना बागा, झाडांवर अजून हिरवं फळ. सुनंदानं बाटली काढून पाणी दिलं. मी पिऊन होईपर्यंत थांबली, तशी ती नेहमीच थांबते.

“खोकल्याचं मी मनानंच सांगतलं,” ती म्हणाली. “पोरगी हातची जाऊन राह्यली होती, काय करू. देव पाहून घेईन. आजवर कोनाच्या मेलेल्या मानसावरून खोटं नाई बोलली मी.”

मी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“सुनंदा, खोकला नव्हता. पण घसा खवखवत होता. घरून निघाल्यापासून. मी तुलाही बोललो नाही.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसली. मग तिनं बाटली माझ्या हातातून घेतली, पिशवीत ठेवली आणि पदर सारखा केला.

“मंग खोटं नाई बोलली मी,” ती म्हणाली.